लेखनसल्ला: कादंबरीतले जग तयार आहे, पण कादंबरी पुढे सरकत नाही

प्रश्न: मी अडतीस वर्षांची असून मराठवाड्यात जलसंपदा विभागाच्या एका सिंचन शाखेत अभियंता आहे. गेली काही वर्षे एका विज्ञान कादंबरीवर काम करते आहे. काळ सन २१७०. नद्या आटल्या आहेत, वस्त्या जमिनीखाली गेल्या आहेत आणि प्रत्येक माणसाला दिवसाला मोजून २० लिटर पाणी मिळते. या जगाचे नकाशे, चलन, पंचांग, घराण्यांच्या वंशावळी आणि राज्यघटना यांनी माझ्या वह्या भरल्या आहेत, परंतु पहिले प्रकरणच मी पुन्हा पुन्हा लिहिते आणि दुसऱ्याकडे वळत नाही. घरचे आवरून रात्री तासभर मिळतो. यजमान म्हणतात, वर्षभर बिनपगारी रजा घे आणि एकदाचे लिहून टाक. कार्यालयातील सहकारी म्हणतात, असले लेखन मराठीत वाचतो कोण? तयारी किती झाली म्हणजे पुरे, रजा घ्यावी का, आणि सरकारी नोकरीत राहून हे छापता येते का, ते कृपया सांगावे. नमुन्यादाखल वहीतली चलनाविषयीची पाने सोबत जोडली आहेत; पहिले प्रकरणही पाठवू का?

ता. क. काल रात्री आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाळीने सोडलेल्या पाण्याच्या, पाहणीला गेले होते. कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला एक वृद्ध शेतकरी शेताकडे पाणी नेणाऱ्या कोरड्या चारीत पाय सोडून झोपले होते. पाणी आले की जाग यावी म्हणून. हे आपले सहज लिहिले.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती ताज्या कलमावर. चारीत पाय सोडून झोपलेल्या त्या शेतकऱ्याविषयी वाचले आणि कालव्याची सगळी व्यवस्था डोळ्यांसमोर उभी राहिली. वरच्या अंगाच्या लोकांनी रात्रीतून दारे उचलली तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे; शाखेने लावलेल्या वेळापत्रकावर त्यांचा भरवसा उरलेला नाही; गजर लावून काही उपयोग नाही, कारण पाणी घड्याळाकडे पाहून येत नाही; आणि झोप काढली नाही तर दुसऱ्या दिवशी त्या वयात पिकाला पाणी भरणे व्हायचे नाही. यातले एकही वाक्य तुम्ही लिहिलेले नाही, तरी ते सारे मला कळले. याउलट, सोबत जोडलेली चलनाविषयीची पाने मी दोनदा वाचली. ती काळजीपूर्वक लिहिलेली आहेत, त्यांतले गणितही चोख आहे, पण त्या चलनात काही विकत घेणारा किंवा ते उसने मागणारा एकही माणूस त्यांत नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच देते. तयारी पुरी झाली आहे, आणि बहुधा ती फार पूर्वीच झाली असावी. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते, कारण जग रचण्याच्या कामात श्रम खरे असतात आणि समाधानही खरे असते, मात्र धोका नसतो. वहीत घेतलेला निर्णय कोणाला नडत नाही. दिवसाला २० लिटर असे लिहिले की झाले. पुढचे पान उलटून आपण वंशावळीकडे वळू शकतो. कथेत मात्र तोच निर्णय तत्काळ कोणाच्या तरी अंगावर येतो, तो माणूस त्यातून वाट काढू पाहतो, ती वाट दुसऱ्या कोणाची अडवणूक करते, आणि लेखकाला मधे पडून ठरवावे लागते. पहिले प्रकरण तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता याचे कारण मला असे दिसते की त्या प्रकरणात अजून कोणाचेही काही अडलेले नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रकरणाला घडण्यासाठी निमित्तच मिळत नाही.

तुम्ही अभियंता आहात, म्हणून हे हिशेबानेच मांडते. आज ग्रामीण नळयोजनांसाठी जल जीवन मिशनने धरलेले प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. तुमच्या जगात ते २० वर आले. आता त्या जगात मूत्रपिंडे निकामी झालेला एक माणूस आणा. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर लागतात, आणि ते पाणी शुद्ध करताना वाया जाते ते निराळे. आठवड्यातून तीन बैठका धरल्या तर ३६० लिटर झाले. त्या रुग्णाचा आठवड्याचा वाटा १४० लिटर. त्याने स्वतःसाठी थेंबभरही वापरले नाही असे धरले, तरी २२० लिटर कमी पडतात. म्हणजे अकरा माणसांनी आठवड्यातला एकेक दिवस कोरडा काढला तर एक माणूस जगतो.

हे अकरा जण कोण, असे विचारायला लागा आणि पाहा काय होते. मुले, सुना, जावई, एखादा जुना मित्र, एखादी शेजारीण. कोणाचा दिवस कोणता, याचा तक्ता भिंतीवर लागतो. उन्हाळ्यात आपला वार बदलून मागणारा कोण? पहिल्यांदा माघार घेणारा कोण, आणि तो काय सबब सांगतो? धाकट्या सुनेला दिवस गेल्यावर तिचा वार कोणी उचलायचा? लग्न जुळवताना मुलीकडचे लोक आता पत्रिकेबरोबर आणखी काय विचारतात? पाणी मोजून देणाऱ्या केंद्रावरच्या कारकुनाला असा वाटा दुसऱ्याच्या नावे वळवण्याचा अधिकार आहे का, आणि नसल्यास तो कशाच्या बदल्यात डोळेझाक करतो? हे प्रश्न विचारता विचारता तुमच्या राज्यघटनेतली जी दोन-तीन कलमे खरोखर लागतील तेवढी आपोआप कथेत येतील. बाकीची वहीतच राहतील, आणि त्यांची उणीव वाचकाला भासणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे: कल्पित जगाचा नियम एक पुरे, परंतु त्याचा परिणाम एका घरात, एका दिवसात, अगदी टोकापर्यंत नेऊन पाहिला पाहिजे. भविष्यकाळाविषयी लिहिणाऱ्याचे रोजचे काम हेच आहे. त्यासाठी प्रतिभेइतकीच चौकसपणाची गरज असते. डायलिसिस केंद्रातल्या परिचारिकेशी अर्धा तास बोलणे, एखादा शासन निर्णय शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचणे, एखाद्या कामाला किती माणसे आणि किती वेळ लागतो हे विचारून घेणे, असे या कामाचे स्वरूप असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते लेखन वाटतही नाही.

आपल्या डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट या दृष्टीने पुन्हा पाहावी असे सुचवते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मार्चमध्ये शहरातील पाणी साठवण्याच्या आणि भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश लागू झाला होता, आणि १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली गाडी दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या गेल्या. त्याआधी वीस वर्षे कोणी अशी कथा लिहिली असती, तर संपादकाने ती अतिशयोक्त म्हणून परत केली असती. मला त्या प्रसंगातली गाडीपेक्षा अधिक लक्षात राहिलेली गोष्ट अशी की, काही आठवड्यांनी रेल्वेकडून लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला सुमारे चार कोटी रुपयांचे वाहतुकीचे बिल आले. एवढ्या मोठ्या संकटातही कोणीतरी टेबलाशी बसून वाघिणींचा हिशेब केला, दर लावला, जावक क्रमांक टाकला आणि पत्र पाठवले. कल्पित जगावर वाचकाचा विश्वास बसतो तो अशा कागदांमुळे. जमिनीखालच्या शहराचे वर्णन पानभर करा, वाचक ते सौजन्याने वाचील. पण त्या शहरात पाण्याची थकबाकी झाली तर नोटीस कोणत्या रंगाच्या कागदावर येते आणि ती दारावर चिकटवायला कोण येतो हे सांगितलेत, तर तो तिथे राहायलाच येईल. आणि हे सांगण्याची ताकद तुमच्याइतकी फार थोड्या लेखकांकडे आहे. पाणी मागणीचा नमुना सात भरून घेणे, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतला गोंगाट, पाणीवापर संस्थेतली भांडणे, कालव्याचे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला मिळणारा चहा आणि त्याला मिळणाऱ्या शिव्या, हे सारे तुम्ही रोज पाहता. तुमच्या जोडलेल्या पानांत यातले काहीच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. जणू नोकरीतले जग कादंबरीच्या लायकीचे नाही असे तुम्ही ठरवून टाकले आहे.

आता त्या रात्रीच्या तासाविषयी. दिवसभर कालव्यावर फिरून आणि घरचे आवरून झाल्यावर उरलेला तास हा थकलेला तास असतो, आणि थकलेले मन साहजिकच सोप्या कामाकडे, म्हणजे वहीकडे, वळते. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका, पण दोन कामांच्या वेळा मात्र वेगळ्या करा. टिपणे, हिशेब आणि वाचन रात्री चालेल. प्रत्यक्ष प्रसंग लिहायचा तो ताज्या डोक्याने, मग तो पहाटेचा अर्धा तास असो, कार्यालयातली जेवणाची सुट्टी असो किंवा आठवड्यातला एकच रविवारचा दोन तासांचा तुकडा असो. घरी हे सरळ सांगून टाका. जे यजमान वर्षभराच्या पगारावर पाणी सोडायला तयार आहेत, ते रविवारी सकाळी दोन तास स्वयंपाकघर सांभाळायला नाही म्हणणार नाहीत. लिहिताना वही समोर ठेवू नका. एखादा तपशील आठवला नाही तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. बसल्या बैठकीचे लेखन प्रसंग संपण्याच्या थोडे आधी थांबवले, तर पुढच्या वेळी सुरुवात शोधत बसावे लागत नाही. कमी वेळ असलेल्या लेखकाला याचा फार उपयोग होतो.

आणि कादंबरी तूर्त बाजूला ठेवा. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, पण मी ती सोडायला सांगत नाही. त्याच जगातली एक कथा आधी लिहून पूर्ण करा, तीन-साडेतीन हजार शब्दांची, अकरा माणसांच्या तक्त्याची किंवा तुम्हाला सुचेल ती. पूर्ण करणे हा स्वतंत्र सराव आहे, आणि पहिले प्रकरण कितीही वेळा लिहिले तरी तो होत नाही. शेवट कोठे करायचा, काय सांगायचे राहू द्यायचे, मधला भाग ढिला पडला तर काय कापायचे, हे शेवटापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. अशा चार-पाच कथा झाल्या की कादंबरीचे जग तुमच्या वह्यांत नव्हते तितके भक्कम झालेले असेल, आणि त्यातला कोणता माणूस कादंबरीभर चालू शकतो हेही तुम्हाला समजलेले असेल.

रजेविषयी माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका. अशा बिनपगारी, म्हणजे असाधारण, रजेचा परिणाम पगाराबरोबर वेतनवाढीवर आणि निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या सेवेवरही होऊ शकतो, तेव्हा ती गोष्ट आस्थापना शाखेत विचारून घेतल्याशिवाय बोलूच नये. दुसऱ्या बाजूचा हिशेबही पाहा. समजा कादंबरी पूर्ण झाली, ३०० रुपये किमतीला हजार प्रतींची आवृत्ती निघाली आणि दहा टक्के मानधन ठरले, तर संपूर्ण आवृत्ती विकली गेल्यावर ३० हजार रुपये मिळतील, आणि ती विकली जायला काही वर्षेही लागू शकतात. मराठीत कल्पित साहित्यावर घर चालत नाही. प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते, बँकेतले आणि प्रयोगशाळेतले लोक नोकरी करूनच हे लेखन करत आले आहेत. जयंत नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पूर्णवेळ काम करत असताना १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी कथा पाठवली. ती ‘नारायण विनायक जगताप’ अशा टोपणनावाने पाठवली होती, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली होती. तिला पहिला क्रमांक मिळाला. ज्यांचे नाव पाहून कोणीही कथा छापली असती, त्यांना ती नावाशिवाय तपासून घ्यावीशी वाटली, हे नव्या लेखकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पैशापेक्षाही मोठे कारण दुसरे आहे. वर्षभर घरात बसलात तर चारीवरचा तो शेतकरी तुम्हाला भेटणार नाही, आणि रिकाम्या वर्षात वह्या मात्र दुप्पट होतील.

छापण्याच्या परवानगीबाबत काळजी करण्याचे फारसे कारण दिसत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये कर्तव्याला बाध न येता केलेल्या प्रासंगिक साहित्यिक कामाला वाव ठेवलेला आहे. तरीही नियम स्वतः वाचा, आणि कथा स्वीकारली गेल्यावर कार्यालयाला एक लेखी पत्र देऊन त्याची पोच जपून ठेवा. काळजी घ्यायची ती एवढीच, की कार्यालयातील अप्रकाशित कागद, आकडे किंवा एखादे चालू प्रकरण ओळखू येईल अशा रीतीने कथेत उतरता कामा नये. ज्या शेतकऱ्यांना तुम्ही रोज भेटता त्यांच्या बाबतीत तर हे नियमांपलीकडचे बंधन मानावे. गाव बदला, पीक बदला, वय बदला. पाण्यासाठीची ताटकळ तशीच राहील.

‘मराठीत वाचतो कोण’ हा प्रश्न तुमच्या सहकाऱ्यांनी विचारला आहे, तुम्ही नाही, म्हणून त्यावर थोडक्यात लिहिते. १९०९ पासून दिवाळी अंकांची परंपरा चालू आहे, दर वर्षी शेकडो अंक निघतात, आणि त्यांपैकी काही अंक विज्ञानकथा, भयकथा आणि अद्भुतकथा आवर्जून मागवतात. वाचक आहेत. त्यांना कंटाळा आला आहे तो परदेशी कथांच्या छायेतल्या, पात्रांची नावे तेवढी मराठी ठेवलेल्या कथांचा. तुमची माणसे जशी बोलतात तशी कागदावर बोलू द्या.

या अंकांसाठी साहित्य बहुधा मे ते जुलैच्या दरम्यान मागवले जाते, आणि ते तुमच्या उन्हाळी आवर्तनाचे, म्हणजे सर्वांत धावपळीचे दिवस असतात. म्हणून तुमचे लेखनाचे वर्ष सिंचन वर्षाबरोबरच १ जुलैला सुरू झालेले बरे. पावसाळ्यात, कालवे बंद असताना, पहिला खर्डा लिहा. १५ ऑक्टोबरनंतर रब्बीची गडबड सुरू होईल, तेव्हा त्याला हात लावू नका. जानेवारीत दोन आवर्तनांच्या मधे तो काढा आणि परक्याचा असल्यासारखा वाचा. त्या वेळी निदान चौथा भाग कापता आला पाहिजे. मग तो दोघांना वाचायला द्या, एक विज्ञानकथा कधीही न वाचणारा आणि एक तुमच्या खात्यातला. पहिल्याला कंटाळा कोठे आला ते विचारा, दुसऱ्याला खोटे काय वाटले ते विचारा. आणखी काही विचारू नका, आणि त्यांनी सांगितलेल्यावर वाद घालू नका. एप्रिलअखेर प्रत स्वच्छ करून एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवा. सोबत चार ओळींचे पत्र पुरे. जगाची ओळख करून देणारे टिपण जोडू नका, कारण ते जोडावेसे वाटले तर कथेत काहीतरी सांगायचे राहून गेले आहे असे समजावे. कथा परत आली तर महिनाभर थांबून पुन्हा वाचा आणि दुसरीकडे पाठवा. परत येण्याचे कारण कित्येकदा जागेची अडचण एवढेच असते.

पहिले प्रकरण सध्या पाठवू नका. डायलिसिसची असो की दुसरी कोणती, एक कथा पूर्ण झाली की ती पाठवा, मी जरूर वाचीन. हाताने लिहिलेली असली तरी चालेल. मात्र कागदाच्या एकाच बाजूला लिहा, समास मोठा सोडा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.